फाउंडेशनकडे अर्ज करायचाय? आधी संस्थेचं कपाट उघडा

दिवाळी आटोपली की दरवर्षी मला दोन-तीन फोन येतात. तालुक्याच्या गावात दहा-बारा वर्षं मनापासून काम करणारी कुणी ताई असते, कुणी निवृत्त शिक्षक असतात. ‘एका फाउंडेशनचा फॉर्म आलाय, परवा शेवटची तारीख आहे, जरा प्रपोजल बघून देता का?’ मी बघून देतो, पण बहुतेकदा त्यातून काही निघत नाही. परवापर्यंत भाषा सुधारता येते. लेखापरीक्षण, विश्वस्त बदलल्याचा बदल अर्ज आणि मुलांची नोंदवही परवापर्यंत तयार होत नाही.

काही वर्षं मी असे प्रस्ताव लिहिले, नंतर काही काळ समोरच्या खुर्चीत बसून वाचलेही. अनुदान मिळणार की नाही, हे अर्ज लिहायला बसण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं. म्हणून या लेखातही अर्ज थोडा उशिराच येईल.

पैसे कुणाचे आहेत?

‘फाउंडेशन’ या एका शब्दात तीन-चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक, जुने धर्मादाय न्यास. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९ चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ चा. दोन, एका उद्योजकाच्या संपत्तीतून उभी राहिलेली फाउंडेशनं. बंगळुरूचं अझीम प्रेमजी फाउंडेशन स्वतः शाळांमध्ये काम करतं आणि इतर संस्थांना अनुदानही देतं. तीन, कंपन्यांची सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चाची, फाउंडेशनं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांतलं एक जरी असलं तरी त्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. हे पैसे कायद्यातल्या सातव्या अनुसूचीतल्या विषयांवरच जातात. शिवाय कंपन्यांचा कल आपल्या कारखान्याच्या आसपासच्या गावांकडे असतो.

आणि चौथे, परदेशातले. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९७८ मध्ये सुरू केलेलं महाराष्ट्र फाउंडेशन आपल्याकडे सगळ्यांच्या परिचयाचं आहे. अशा कुठल्याही परदेशी संस्थेकडून पैसे घ्यायचे तर तुमच्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी आणि दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं हवं. ते नसेल तर देणाऱ्याची कितीही इच्छा असली तरी एक डॉलरही घेऊ नका. इथे एक गल्लत नेहमी होते. गावातला मुलगा न्यू जर्सीत आहे पण पासपोर्ट भारतीयच आहे, आणि त्याने आपल्या बचतीतून रीतसर बँकेमार्फत देणगी पाठवली, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र धरली जाते, मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. त्यामुळे पासपोर्ट कुठला आहे हे विचारायला लाजू नका.

या लेखात मी भारतातल्या खासगी फाउंडेशनबद्दलच लिहितोय. सीएसआरचा उल्लेख जाताजाता येईल.

कपाटातले कागद

महाराष्ट्रातली बहुतेक छोटी संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशी दोनदा नोंदलेली असते. दोन्ही प्रमाणपत्रं, संस्थेची घटना, पॅन, आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, शेवटच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल आणि आयकर विवरणपत्रं, रद्द केलेला धनादेश, विश्वस्तांची यादी. हे सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि फाइलींना समजतील अशी नावं द्या. ‘स्कॅन००४७’ नावाची फाइल उघडून बघण्याइतकी सवड समोरच्याला नसते. सीएसआरकडे जायचं असेल तर कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर-१ क्रमांक लागतो, आणि संस्थेला अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो.

१२ए आणि ८०जी आता कायमस्वरूपी राहिलेले नाहीत. २०२१ पासून तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची आणि नियमित नोंदणी पाच वर्षांची झाली. १ एप्रिल २०२५ पासून छोट्या संस्थांना १२ए पुरती दहा वर्षांची सवलत मिळाली, पण ८०जी चं घड्याळ वेगळं चालतं. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या सहा महिने आधी करायचा असतो. प्रमाणपत्र काढा आणि मुदतीची तारीख आत्ता भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा. नव्या आयकर कायद्याने कलमांचे क्रमांक बदलले असले तरी बोलताना सगळे अजून बारा-ए, ऐंशी-जीच म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा.

आता खरं दुखणं. विश्वस्त मंडळात बदल झाला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाकडे बदल अर्ज, म्हणजे आपल्या भाषेत चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो. छोट्या संस्थांत हे राहूनच जातं. अध्यक्ष वारले, त्यांच्या जागी त्यांच्या सूनबाई आल्या, सभेत ठराव झाला, पेढे वाटले, आणि धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर, म्हणजे अनुसूची एकच्या उताऱ्यावर, मात्र वारलेल्या अध्यक्षांचंच नाव! मी ज्या संस्थेत होतो तिथे नेमकं हेच झालं. प्रस्ताव पसंत पडला होता, भेट झाली होती, आकडा ठरला होता. करारावर सही करणाऱ्या बाईंचं नाव उताऱ्यावर नाही म्हणून फाउंडेशनच्या वकिलांनी कागद परत पाठवला. आमचा बदल अर्ज चार वर्षं उशिरा दाखल झालेला आणि पुढे पडून. ते वर्ष गेलं. चूक आमचीच होती.

तुमचाही असाच अर्ज प्रलंबित असेल तर लपवू नका. दाखल केल्याची पोच, सभेचं इतिवृत्त आणि ठरावाची प्रत जोडा आणि प्रस्तावातच दोन ओळींत परिस्थिती लिहा. बरीच फाउंडेशनं समजून घेतात. मागाहून कळलं की मात्र चिडतात.

कुणाकडे जायचं

माहितीपत्रक सगळेच छान छापतात. त्यापेक्षा फाउंडेशनचा वार्षिक अहवाल शोधा आणि गेल्या दोन-तीन वर्षांत पैसे कुणाला दिले ती यादी वाचा. जिल्हे कुठले? संस्था केवढ्या? रक्कम साधारण किती? यादीत सगळ्या दहा कोटींच्या संस्था असतील आणि तुमची उलाढाल नऊ लाख असेल, तर दार बंद नसतं, पण अरुंद असतं. तुमच्या एकूण वार्षिक खर्चाच्या तिप्पट-चौपट रक्कम एका वर्षासाठी मागितली की वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: हे पैसे यांना झेपतील का? पहिल्यांदा मागताना आपल्या सध्याच्या उलाढालीच्या आतबाहेर राहावं, असं माझं मत आहे.

काही फाउंडेशनं आपणहून आलेले प्रस्ताव घेतच नाहीत. तसं संकेतस्थळावर लिहिलेलं असतं. तिथे प्रस्ताव पाठवण्यात अर्थ नाही. ते ज्यांना आधीच मदत करतात अशा तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या संस्थेशी बोला. ओळखीने येणाऱ्याचा कागद निदान वाचला तरी जातो. याला कुणी वशिला म्हणेल. मला त्यात वावगं वाटत नाही, कारण तुमचं काम पाहिलेलं माणूस तुमच्याबद्दल सांगतंय एवढाच त्याचा अर्थ असतो.

मग दोन पानांची कन्सेप्ट नोट, म्हणजे कामाची थोडक्यात कल्पना. पूर्ण प्रस्ताव मागितल्याशिवाय पाठवायचा नाही. ईमेलमध्ये पाच-सहा ओळी पुरतात: आम्ही कोण, कुठे, काय करायचं आहे, किती मुलांसाठी किंवा कुटुंबांसाठी, अंदाजे किती रक्कम, आणि तुमच्या कामाशी हे कुठे जुळतं. ‘आपल्या उदार अंतःकरणास विनम्र आवाहन’ नको. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एक फोन करा. त्यानंतर दर सोमवारी करू नका.

प्रश्न कसा मांडायचा

उदाहरण घेऊ. समजा, बीड जिल्ह्यातली एक छोटी संस्था आहे. तीन वाड्यांतली मुलं हंगामात आई-वडिलांबरोबर उसाच्या फडावर जाऊ नयेत, म्हणून तिला गावातच संध्याकाळचा अभ्यासवर्ग आणि रात्रीचं जेवण सुरू करायचं आहे. असे प्रस्ताव मी बरेच वाचलेत. पहिला परिच्छेद बहुधा असा असतो: ‘मराठवाडा हा कायम दुष्काळग्रस्त भाग असून येथील ऊसतोड मजुरांचे जीवन अत्यंत हलाखीचे आहे. शिक्षणापासून वंचित मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी आमची संस्था अहोरात्र झटत आहे.’

यात खोटं काहीच नाही. पण हाच परिच्छेद शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेनेही पाठवलाय. आता हा बघा: ‘गेल्या दसऱ्यानंतर आमच्या तीन वाड्यांतून १४२ जोडपी कोयत्यावर गेली. त्यांची ६ ते १४ वयाची १३१ मुलं. त्यांतली ९४ आई-वडिलांबरोबर गेली, ३७ आजी-आजोबांजवळ राहिली. गेलेल्या ९४ पैकी २२ मुलं पाडव्यानंतरही शाळेत परतली नाहीत; त्यांत १५ मुली. घरोघरी विचारलं तेव्हा बहुतेक आयांनी एकच कारण सांगितलं: आजीला दिसत नाही, रात्री जेवायला कोण घालणार?’

दुसऱ्या परिच्छेदात विशेषण एकही नाही. पण तो लिहायला एप्रिलमध्ये तीन वाड्यांत फिरून नोंदवही भरावी लागते. त्याला सल्लागार लागत नाही, दोन कार्यकर्ते आणि आठ दिवस लागतात. शिवाय कामाची दिशाही तिथूनच मिळते. अडचण रात्रीच्या जेवणाची आहे हे कळलं म्हणून जेवण ठेवलं. नाहीतर आपण दप्तरं वाटून मोकळे झालो असतो.

एका प्रश्नाची तयारी ठेवा, तो हमखास येतो: सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, मग तुम्ही कशाला? उत्तर गावातून यायला हवं. केंद्र मंजूर झालं नाही का? उशिरा सुरू होतं का? जवळचं केंद्र चार किलोमीटरवर आहे का? मुख्याध्यापकांचं पत्र जोडलं तर उत्तम. सरकारवर आगपाखड करू नका. उद्या त्याच शाळेच्या खोलीत वर्ग भरवायचाय.

काय करणार आणि काय बदलणार

फॉर्ममध्ये ‘आउटपुट’ आणि ‘आउटकम’ असे दोन रकाने असतात आणि तिथे भले भले अडखळतात. सोपं करून सांगतो. तुम्ही जे केलं ते आउटपुट: १५० दिवस वर्ग चालला, ९० मुलं रोज जेवली. त्यामुळे मुलांच्या आयुष्यात जे बदललं ते आउटकम: गेल्या हंगामात ३७ मुलं गावात राहिली होती, यंदा ९० राहिली; पाडव्यानंतर शाळेत न परतणारी मुलं २२ वरून पाचाच्या आत आली. दुसऱ्या रकान्यात तीनपेक्षा जास्त गोष्टी लिहू नका. लिहिलेली प्रत्येक गोष्ट मोजावी लागणार आहे, आणि मोजणार कोण, तर तीच महिना आठ हजार मिळवणारी, वर्ग घेणारी गावातली ताई.

आकडा शंभर टक्के ठेवण्याचा मोह टाळा. ‘सर्व १३१ मुलांचे स्थलांतर थांबवू’ असं लिहिणाऱ्याने गाव पाहिलेलं नाही, हे वाचणारा ओळखतो. तान्हं भावंड सांभाळायला मोठ्या मुलीला नेतात, ते तुमच्या जेवणाने थांबत नाही. तसं लिहा. काय जमणार नाही हे लिहिणाऱ्या संस्थेवर माझा तरी विश्वास चटकन बसायचा.

अंदाजपत्रक: इथे घाई नको

वरच्याच उदाहरणाचा हिशेब मांडू. रात्रीचं जेवण: ९० मुलं × ४५ रुपये × १५० दिवस = ६,०७,५००. अभ्यासवर्गाच्या सहा अर्धवेळ ताया, ८,००० प्रमाणे सहा महिने = २,८८,०००. स्वयंपाकाच्या सहा बाया, ६,००० प्रमाणे सहा महिने = २,१६,०००. एक पूर्णवेळ समन्वयक, २२,००० प्रमाणे बारा महिने = २,६४,०००. वह्या-पुस्तकं, मुलामागे ६०० = ५४,०००. आरोग्य तपासणी ३६,०००. पेट्रोल महिना ५,००० प्रमाणे ६०,०००. बेरीज १५,२५,५००.

बहुतेक संस्था इथेच थांबतात आणि फसतात. हिशेब कोण लिहिणार? कार्यालयाचं भाडं, वीज, इंटरनेट कुठून? सीएची फी? अर्धवेळ हिशेबनीस ९,००० प्रमाणे वर्षाचे १,०८,०००, कार्यालय ६०,०००, लेखापरीक्षण ३०,०००. आणखी १,९८,०००. म्हणजे एकूण १७,२३,५००, आणि त्यात कार्यालयीन खर्चाचा वाटा साधारण साडेअकरा टक्के. मुलामागे खर्च १९,१५० रुपये.

‘प्रशासकीय खर्च दाखवला तर नाकारतील’ ही भीती खोलवर रुजलेली आहे. त्यापायी संस्था हा खर्च शून्य दाखवतात आणि मग समन्वयकाच्या पगारातून भाडं भरतात. हाच खोटा हिशेब पुढे लेखापरीक्षणात अंगाशी येतो. काही फाउंडेशनं कार्यालयीन खर्चाला मर्यादा घालतात. ती आधी विचारून घ्या आणि तिच्यात बसवा. पण खर्च आहे तो आहे, तो सांगा. सीएसआरवाले पाच टक्क्यांचा नियम दाखवतात तेव्हा एवढं लक्षात ठेवा, की नियमातली ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनाच्या खर्चावर आहे, अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेच्या खर्चावर नाही. कंपनी मंत्रालयाने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलंय. त्यांच्या अधिकाऱ्याशी वाद घालू नका, नम्रपणे दाखवा.

प्रत्येक ओळीपुढे हिशेब कसा आला ते लिहा. ‘जेवण: ६ लाख’ असं मोघम लिहिलं तर प्रश्न येतात, ४५ रुपयांत भाकरी, भाजी, वरण-भात आणि आठवड्यातून दोनदा अंडं असं फोडून लिहिलं की प्रश्न संपतात. लोकवर्गणीही दाखवा. गावाने ज्वारी आणि तांदूळ दिले, त्यांची किंमत समजा १,२३,५००. मग फाउंडेशनकडे मागणी बरोबर १६ लाखांची. गावाचा हातभार कागदावर दिसला की प्रस्तावाचं वजन वाढतं. मात्र त्याची पावती आणि साठा नोंदवही हवी.

आणि वेळापत्रक! ऊसतोड दसरा-दिवाळीनंतर सुरू होते. फाउंडेशनची बैठक सप्टेंबरमध्ये असेल तर पैसे नोव्हेंबरमध्येही येतील याची खात्री नसते. अशा हंगामी कामाचा प्रस्ताव मार्च-एप्रिलमध्येच द्यायचा, म्हणजे नोंदवहीची फेरी आणि लिखाण एकाच सुमारास पडतं.

भेट

प्रस्ताव आवडला की कागदांची छाननी होते आणि मग त्यांचा कार्यक्रम अधिकारी गावात येतो. आपल्याकडे पाहुणा आला की मंडप, बॅनर, शाल-श्रीफळ, मुलींचं स्वागतगीत, सरपंचांचं भाषण. मी अशा भेटींना गेलोय. तीन तासांतले दोन तास सत्कारात जायचे आणि मुलांशी बोलायला वीस मिनिटं उरायची. तीही पहिल्या रांगेतल्या, पाठ केलेली उत्तरं देणाऱ्या मुलांशी.

चहा द्या, बसायला सतरंजी द्या आणि रोजचा वर्ग रोजच्यासारखा चालू द्या. अधिकाऱ्याला आज्यांशी एकटं बोलू द्या. कार्यकर्त्याला कामाचे आकडे माहीत असले पाहिजेत. प्रत्येक प्रश्नाला ‘ते अध्यक्षच सांगतील’ असं उत्तर येऊ लागलं की पाहुणा वहीत काहीतरी लिहितो, आणि ते चांगलं नसतं. व्हाउचरची फाइल मागतील, ती त्याच खोलीत असू द्या. मुलांबरोबर काम असेल तर बालसुरक्षा धोरण विचारतील, आणि संस्थेत दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसारची अंतर्गत समितीही. समितीच्या बैठकीचं इतिवृत्त खरोखर लिहिलेलं असावं. एकाच शाईने, एकाच दिवशी लिहिलेल्या तीन वर्षांच्या नोंदी लगेच ओळखू येतात.

नकार आला तर

बहुतेकदा येतोच. आभाराचं उत्तर पाठवा आणि एकच प्रश्न विचारा: पुढच्या वेळी काय सुधारावं? दहातले दोन-तीन जण खरं उत्तर देतात आणि ते सोन्यासारखं असतं. तेच प्रपोजल नाव बदलून दुसरीकडे पाठवताना आधीच्या फाउंडेशनचं नाव आत कुठे राहिलं नाही ना, हे दोनदा तपासा. हसू नका, मी हे स्वतः वाचलंय.

होकार आला तर

करारनामा सही करण्याआधी पूर्ण वाचा, इंग्रजीत असेल तर कुणाकडून तरी समजून घ्या. हप्ते किती आणि कशावर अवलंबून? एका ओळीतून दुसऱ्या ओळीत किती टक्के रक्कम विचारल्याशिवाय वळवता येते? उरलेली रक्कम परत द्यायची की पुढे न्यायची? फोटो कोण वापरणार आणि पालकांची संमती कोण घेणार? दुसरा हप्ता पहिल्या हप्त्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रानंतर, म्हणजे पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याच्या दाखल्यानंतर, येणार असेल, तर मधले एक-दोन महिने ताईंचे पगार कशातून द्यायचे हे आधीच ठरवा. फेब्रुवारीत जेवण बंद पडलं तर मुलं सरळ फडावर जातात.

हप्ता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला तर त्याच दिवशी सीएला फोन करा. आयकरात संस्थेने वर्षाच्या उत्पन्नाचे ८५ टक्के खर्च करणं अपेक्षित असतं. ३१ मार्चला खात्यात पडून असलेली मोठी रक्कम रीतसर पुढच्या वर्षी वापरण्यासाठी दाखवावी लागते, आणि त्याच्या फॉर्मला मुदत असते.

खर्चाचा हिशेब पहिल्या दिवसापासून फाउंडेशनच्या ओळींप्रमाणेच लिहा. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्पाचा खर्च वेगळा दिसेल असं कॉस्ट सेंटर काढा. दर महिन्याच्या पाच तारखेला मंजूर रक्कम, झालेला खर्च आणि शिल्लक असा एक कागद समन्वयकाच्या हातात पडू द्या. तांदूळ महागला, जेवणाची ओळ डिसेंबरमध्येच पुढे पळायला लागली, हे त्या कागदावर दिसतं. तेव्हाच फाउंडेशनला ईमेल करा की वह्या-पुस्तकांतले ११ हजार जेवणाकडे वळवायचेत, कारण अमुक. डिसेंबरात विचारलं तर बहुधा चार ओळींत होकार येतो. हंगाम संपल्यावर एप्रिलमध्ये विचारलं तर तोच ईमेल त्यांच्या हिशेब विभागाकडे जातो.